चालत्या गाडीत जे लागतं ते न बघता हाताला सापडलं पाहिजे

मुंबईच्या पावसात गाडीची समोरची काच दोन प्रकारे धुरकट होते आणि दोन्हींचे उपाय एकदम उलटे आहेत. भिजलेली चार माणसं आत बसली आणि खिडक्या बंद केल्या की वाफ आतून धरते, तेव्हा एसी चालू करून हवा काचेवर मारायची. आणि एसी बराच वेळ फुल गार ठेवला असेल तर काचच थंड पडते, बाहेरच्या दमट हवेतलं पाणी बाहेरून धरतं, तेव्हा वायपर फिरवायचा आणि गारवा कमी करायचा. आतून आहे की बाहेरून हे बोट लावून बघावं लागतं, आणि मग लगेच काहीतरी करावं लागतं कारण समोरचं काही दिसत नसतं आणि गाडी चालूच असते. आधीच्या गाड्यांमधे हे "काहीतरी" म्हणजे एक गोल नॉब होता. हात खाली गेला, नॉब सापडला, फिरवला, झालं. आता बऱ्याच नव्या गाड्यांमधे स्क्रीनवर मॅप चालू असतो, तो बाजूला करून एसीचं पान उघडायचं, त्यात हवा कुठे मारायची ते चित्र शोधायचं, त्यावर बरोब्बर बोट ठेवायचं, आणि हे सगळं त्या क्षणी जेव्हा नजर रस्त्यावरून हलवणं सगळ्यात धोक्याचं असतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की गाडी चालती असताना जे जे लागतं त्या प्रत्येक गोष्टीला एक ठरलेली जागा आणि हाताला ओळखू येणारा आकार असलाच पाहिजे, आणि हे कंपनीच्या मर्जीवर न सोडता गाडीला टेस्टमधे जे सेफ्टीचे स्टार मिळतात त्यांत मोजलं पाहिजे. मी स्क्रीनच्या विरोधात नाही. मॅपला स्क्रीन हवी, रिव्हर्स कॅमेऱ्याला हवी, गाड्या पार्क करायला जागा नसलेल्या आपल्या शहरात तर तो कॅमेरा मोठाच आधार आहे. सेटिंग्ज, फोन जोडणं, सर्व्हिसिंग कधी आहे ते बघणं, हे सगळं खुशाल स्क्रीनवर असू दे कारण ते आपण गाडी उभी असताना करतो. आणि "जुनं ते सोनं" असंही मला म्हणायचं नाहीये, जुन्या गाड्यांमधेही एकसारख्या वीस बटणांची रांग लावलेली असायची, त्यातलं कुठलं काय ते बघितल्याशिवाय कळायचं नाही. प्रश्न बटण असण्या-नसण्याचा कमी आणि हाताला काय कळतं याचा जास्त आहे.

हाताने एखादी गोष्ट करताना खरं तर चार गोष्टी होतात. आधी हात तिथे पोचतो, मग ही तीच वस्तू आहे हे बोटांना कळतं, मग आपण ती दाबतो किंवा फिरवतो, आणि शेवटी काम झालं हे कळतं. नॉब असेल तर या चारही गोष्टी हातच करतो, डोळ्यांचं काम पडत नाही. सपाट काचेवर पहिल्या दोन गोष्टी होऊच शकत नाहीत, कारण काचेला कुठेही हात लावला तरी ती सारखीच लागते. आता कंपन्या सांगतात की आमच्या स्क्रीनला व्हायब्रेशन आहे, दाबलं की बोटाला थरथर जाणवते. ती थरथर शेवटचं काम करते, म्हणजे दाबलं गेलं एवढं सांगते. कुठे दाबायचं ते शोधायला ती काहीच मदत करत नाही, आणि डोळे रस्त्यावरून हटतात ते शोधण्यासाठीच.

मागच्या पावसाळ्यात ठाण्याहून येताना एका कॅबमधे बसले होते. गाडी नवी, डॅशबोर्डवर चकचकीत काळी सपाट पट्टी, त्यावर एसीची टच बटणं, दाबल्याचं कळू नये इतकी गुळगुळीत. त्या पट्टीवर दोन ठिकाणी लाल टिकल्या चिकटवलेल्या दिसल्या, बायका कपाळाला लावतात त्याच, जरा जाड वेलवेटच्या. मी विचारलं, "दादा, या टिकल्या कशाला?" ते म्हणाले, "ताई, ही काच साफ करायच्या बटणाशेजारी आणि ही पंख्याच्या. बघायला लागत नाही मग. टिकली लागली की तिच्या डावीकडे दाबायचं." टिकल्या बायकोच्या पाकिटातून घेतलेल्या. म्हणाले की आधी सेलोटेप लावून बघितली पण ती हाताला कळत नव्हती आणि उन्हात निघून यायची. मुलुंडच्या पुढे पाऊस वाढला तेव्हा त्यांचा डावा हात खाली गेला, अंगठा टिकलीवर थांबला, बोट शेजारी पडलं, काच साफ झाली, आणि त्या सगळ्या वेळात त्यांची नजर समोरच्या डंपरवर होती. लाखो रुपयांच्या गाडीत जे इंजिनीअरने द्यायला हवं होतं ते त्या माणसाने स्वतः करून घेतलं होतं.

हीच गोष्ट ऐंशी वर्षांपूर्वी एका मानसशास्त्रज्ञाने केली होती. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-१७ विमानं धावपट्टीवर नीट उतरायची आणि मग पायलट चुकून चाकं आत घ्यायचे, विमान पोटावर आपटायचं. दोष पायलटच्या माथी जायचा. अल्फोन्स चॅपनिसने कॉकपिटमधे बघितलं तर फ्लॅपचा, म्हणजे पंखाच्या मागच्या हलत्या पट्टीचा खटका आणि चाकांचा खटका शेजारी शेजारी आणि हाताला सारखेच लागणारे. उतरल्यावर फ्लॅप आत घ्यायचे असतात, दमलेला माणूस शेजारचा खटका ओढायचा. चॅपनिसने चाकांच्या खटक्याला रबराचं छोटं चाक लावलं आणि फ्लॅपच्या खटक्याला पाचरीसारखा आकार, आणि तो घोळ थांबला. आजही प्रवासी विमानात चाकांच्या दांड्याला चाकासारखी आणि फ्लॅपच्या दांड्याला फ्लॅपसारखी मूठ असावी लागते, अमेरिकेच्या विमान नियमांत ते लिहिलेलं आहे. विमानात एवढे स्क्रीन आले तरी ती मूठ गेली नाही. माणसाला न बघता काम करायचं असेल तर वस्तूने हाताला आपली ओळख सांगितली पाहिजे, हे तेव्हापासून माहीत आहे आणि तरी आपण गाडीत ते विसरायला निघालोय.

विसरल्यावर काय होतं त्याचे आकडे आहेत. २०२२ मधे स्वीडनच्या 'वी बीलएगरे' या गाड्यांच्या मासिकाने एका विमानतळाच्या धावपट्टीवर टेस्ट घेतली. ताशी ११० किलोमीटरने गाडी चालवत ड्रायव्हरने ठरलेली चार साधी कामं करायची, सीट गरम करणं, तापमान वाढवणं, रेडिओचं स्टेशन लावणं असली. आधी गाडीची ओळख करून घ्यायला वेळ दिला होता. २००५ ची बटणांवाली जुनी व्होल्वो होती तिला १० सेकंद लागले, तेवढ्यात ती ३०६ मीटर गेली. सगळ्यात वाईट ठरलेल्या टचस्क्रीनवाल्या गाडीला ४४.९ सेकंद लागले आणि ती १,३७२ मीटर गेली. ब्रिटनमधे २०२० मधे आयएएम रोडस्मार्ट या संस्थेने फोन गाडीच्या स्क्रीनला जोडून वापरण्याचा अभ्यास करून घेतला, त्यात टच वापरताना प्रतिक्रियेचा वेळ अँड्रॉइड ऑटोवर ५३ टक्के आणि अ‍ॅपल कारप्लेवर ५७ टक्के वाढला. त्याच तुलनेत कायदेशीर मर्यादेइतकी दारू घेतलेल्याचा वाढला होता १२ टक्के.

आपल्याकडे आणून बघू. कोस्टल रोडच्या बोगद्यात ताशी ६० ची मर्यादा आहे. ६० ला गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. तीन सेकंद स्क्रीनकडे बघितलं तर ५० मीटर, म्हणजे एकामागे एक उभ्या केलेल्या बेस्टच्या चार बस एवढं अंतर तुम्ही न बघता पार केलं. अटल सेतूवर १०० ची मर्यादा आहे, तिथे तेच ८३ मीटर होतात. आणि गर्दीच्या एलबीएस रोडवर वेग कमी असला तरी तिथे माणूस कुठूनही समोर येतो, त्यामुळे कमी वेग म्हणजे सेफ असं म्हणायला जागा नाही.

आता यात मुंबईची म्हणून जी भर पडते ती परदेशातल्या टेस्टमधे येत नाही, आणि मला वाटतं आपल्याकडच्या डिझायनरने खरा विचार इथे करायला हवा. आपलं स्टिअरिंग उजवीकडे, म्हणजे मधली स्क्रीन डाव्या हाताने वापरायची, आणि बहुतेकांचा डावा हात कमी सरावाचा असतो. त्यातून गिअरच्या गाड्या अजून भरपूर आहेत, सायनच्या सिग्नलपासून पुढे तो डावा हात सतत फर्स्ट-सेकंड-फर्स्ट करत असतो. त्याला जो अर्धा क्षण मोकळा मिळतो त्यात त्याने काचेवरचं नखाएवढं चिन्ह अचूक दाबायचं. खड्डे आहेतच. खड्ड्यात चाक गेलं की अधांतरी धरलेलं बोट भलतीकडे पडतं, गाणं बदलायला गेलो तर फोन लागतो. नॉबचं तसं होत नाही, नॉब पकडलेला असतो, गाडी हलली तरी हात त्याच्याबरोबर हलतो, तो नॉबच हाताला आधार देतो. ओल्या बोटाने टच नीट चालत नाही हे सगळ्यांना फोनवरून माहीत आहे, आणि जून ते सप्टेंबर आपली बोटं ओलीच असतात. दुपारी वांद्र्याच्या बाजूला पश्चिमेचं ऊन सरळ आत येतं तेव्हा स्क्रीनवर आपलंच तोंड दिसतं, बाकी काही नाही.

आणि चाळिशी. पंचेचाळीस-पन्नाशीच्या माणसाला जवळचं बारीक वाचायला डोळा जुळवून घ्यायला वेळ लागतो, लांबचं बघून जवळचं आणि परत लांबचं असं झटपट होत नाही. गाडी चालवताना वाचायचा चष्मा कोणी लावत नाही. या शहरात हजारो टॅक्सीवाले, कॅबवाले, घरी नोकरीला असलेले ड्रायव्हर या वयाचे आहेत. एक गाडी दिवसा एक जण आणि रात्री दुसरा चालवतो, कधी कधी दर आठवड्याला गाडी बदलते. मेन्यू इंग्रजीत, तोही कंपनीप्रमाणे वेगळा. निळ्याकडून लाल रंगाकडे फिरणारा नॉब वाचावा लागत नाही, पहिल्याच दिवशी कोणालाही चालवता येतो, पाचवी शिकलेल्यालाही आणि इंजिनीअरलाही.

यावर नेहमी तीन उत्तरं येतात. एक, आता सगळं ऑटोमॅटिक आहे, पाऊस पडला की वायपर आपोआप सुरू होतात. होतात, आणि छान आहे ते. पण बाजूने ट्रेलर गेला आणि चिखलाच्या पाण्याची चादर काचेवर आली तर काचेवर पाणी मारून वायपर फिरवायचं काम त्याच सेकंदाला तुम्हालाच करावं लागतं. ऑटोमॅटिक जिथे कमी पडतं तिथेच हात लागतो, आणि तो क्षण सवडीचा नसतो. दुसरं उत्तर, बोलून सांगा. वरच्याच ब्रिटिश अभ्यासात बोलून वापरलं तरी प्रतिक्रियेचा वेळ ३० ते ३६ टक्के वाढलेला होता. शिवाय आपल्या गाडीत मागे मुलं बोलत असतात, बाहेर हॉर्न, आपण अर्धं मराठी अर्धं हिंदी बोलतो, गाडीने ऐकलं की नाही हे बघायला परत स्क्रीनकडेच बघतो. तिसरं, सवय होते हो. हे मला सगळ्यात कमी पटतं. हात बसायला वस्तू जागेवर राहावी लागते आणि हाताला लागावी लागते. काचेवर दोन्ही नाही, वर अपडेट आलं की काल डावीकडे असलेलं चिन्ह आज दुसऱ्या पानावर जातं.

मग कंपन्या हे का करतात? कारण दिसायला साधं आहे. प्रत्येक बटणाला साचा लागतो, वायर लागते, जोडणी लागते, टेस्टिंग लागतं. एक मोठी स्क्रीन बसवली की ते सगळं वाचतं आणि फीचर नंतर सॉफ्टवेअरने घालता येतं. आणि शोरूममधे उभ्या गाडीत मोठी स्क्रीन भारी दिसते. आपण गाडी निवडतो ती उभी असताना, एसीत बसून, सेल्समन शेजारी असताना, आणि वापरतो घाटकोपरच्या पुलावर पावसात, या दोन्हींमधे जे अंतर आहे त्यात ही सगळी गडबड होते. बऱ्याच मॉडेल्समधे तर खालच्या व्हेरिएंटला साधे तीन नॉब येतात आणि दोन-तीन लाख जास्त मोजले की ते जाऊन सपाट टच पट्टी येते. बाजार आपोआप सुधारेल असं म्हणणाऱ्यांना मी हे दाखवते. काही कंपन्या परत फिरल्या आहेत हे खरं, फोक्सवॅगनचे डिझाइनप्रमुख आंद्रेआस मिंट यांनी २०२५ मधे जाहीरच केलं की आवाज, दोन्ही बाजूंचं तापमान, पंखा आणि हॅझर्ड लाइट यांना यापुढे प्रत्येक गाडीत खरी बटणं असतील, ती चूक परत करणार नाही. पण त्या वळायला कित्येक वर्षं गेली आणि तेवढ्या काळात विकलेल्या गाड्या आता पंधरा वर्षं रस्त्यावर राहणार.

म्हणून नियम हवा. आपल्याकडे गाडी चालवताना फोन हातात धरला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली गुन्हा आहे, एक ते पाच हजार दंड किंवा कैदसुद्धा होऊ शकते, आणि ते योग्यच आहे. पण तोच फोन दुप्पट मोठा करून कंपनीने डॅशबोर्डवर बसवला तर त्यावर किती वेळ बघावं लागेल याचा हिशोब कोणी मागत नाही. जर्मनीत एका टेस्लावाल्याने पावसात स्क्रीनवरून वायपरचा वेग बदलताना गाडी रस्त्याबाहेर घातली, तेव्हा कार्ल्सरूहच्या वरिष्ठ कोर्टाने २०२० मधे गाडीत बसवलेली स्क्रीनसुद्धा तिथल्या फोनच्या नियमाखाली येते असं सांगितलं आणि त्याचा २०० युरो दंड आणि महिन्याची वाहनबंदी कायम ठेवली. कायद्याने बरोबर असेल, पण मला वाटतं की वायपर स्क्रीनमधे घालणाऱ्यालाही त्यात काही जबाबदारी यायला हवी होती. गाड्यांची सेफ्टी तपासून स्टार देणाऱ्या युरोपातल्या युरो एनकॅप या संस्थेने ती आणली. २०२४ मधे त्यांनी जाहीर केलं की जानेवारी २०२६ पासून इंडिकेटर, हॅझर्ड, हॉर्न, वायपर आणि एसओएस (संकटात मदत बोलावणं) यांना खरी बटणं किंवा दांडे नसतील तर पूर्ण मार्क मिळवणं अवघड जाईल. तिथे हे सक्तीचं नाही, पण पाच स्टार सगळ्यांनाच हवे असतात.

आपलं भारत एनकॅप ऑक्टोबर २०२३ पासून चालू आहे. मोठ्यांची सुरक्षा, मुलांची सुरक्षा आणि काही सेफ्टी उपकरणं यांवर स्टार मिळतात आणि त्याचा परिणाम दिसतोय, लोक आता शोरूममधे मायलेजबरोबर स्टारही विचारतात. याच स्टारमधे ड्रायव्हरला किती वेळ नजर काढावी लागते हे घाला. अमेरिकेच्या एनएचटीएसए या रस्ते-सुरक्षेच्या सरकारी संस्थेने २०१३ मधेच मोजमाप दिलं आहे, एका वेळी नजर दोन सेकंदांपेक्षा जास्त हटू नये आणि पूर्ण काम एकूण बारा सेकंदांत व्हावं, तेव्हा मोजायचं कसं हा प्रश्न नाही. फक्त युरोपची यादी जशीच्या तशी उचलू नका. त्या पाचात काच साफ करणं, म्हणजे हवा मारून तिच्यावरची वाफ घालवणं नाही, आणि आपल्या किनाऱ्यावर ते वायपरइतकंच गरजेचं आहे. माझ्या मते आपल्या यादीत ती पाच, शिवाय समोरची काच साफ करायचं एक वेगळं बटण, पंखा, तापमान, आवाज आणि स्क्रीन एका दाबात काळी करायचं बटण असावं. रात्री बोगद्याबाहेर पडल्यावर डोळ्यांत घुसणारी ती स्क्रीन ज्यांनी झेलली आहे त्यांना शेवटचं का ते कळेल.

करायला हे फार अवघड नाही. तापमानाचा नॉब जाड आणि खाचांचा, पंख्याचा लहान आणि गुळगुळीत कडेचा, म्हणजे अंगठ्यालाच फरक कळेल. दोन्ही टोकांना अडणारे असावेत, नुसते गोल गोल फिरत राहणारे नकोत, कारण टोक गाठलं की फुल झालं हे हाताला कळतं. प्रत्येक पायरीला हलकी टक व्हावी. काच साफ करायचं बटण बाकीच्यांपासून बोटभर लांब आणि वर उंचवटा असलेलं. आकडे स्क्रीनवर दिसू देत, फिरवायचं मात्र हातात राहू दे. स्क्रीनच्या खाली हाताचा तळवा टेकायला कड द्या, मग मॅपवर बोट लावतानाही खड्ड्यात ते हलणार नाही. हे करायला लागणारी माणसं इथेच आहेत, पवईला आयआयटीचं आयडीसी १९६९ पासून डिझायनर घडवतंय, कांदिवलीला महिंद्राचा स्टुडिओ आहे, टाटांचं मुख्य ऑफिस फोर्टात. त्यांनी हे डिझाइन स्टुडिओतल्या उभ्या मॉडेलवर न तपासता जुलैत, भर दुपारी, कॅब चालवणाऱ्या माणसाला सीटवर बसवून एलबीएस रोडवर तपासावं, शेजारी बसून त्याची नजर किती वेळा हटते ते मोजावं.

आणि नियम येईपर्यंत, जे यंदा गाडी घेणार आहेत त्यांच्यासाठी. तुमच्याकडे ड्रायव्हर असेल तर गाडी बघायला त्यालाही घेऊन जा, रोज ती तोच चालवणार आहे. गाडी उभी असताना त्याला, किंवा स्वतः बसून, डोळे मिटून काचेवर हवा मारायला लावा, मग पंखा कमी करायला, मग वायपर एकदा फिरवायला. एखादी गोष्ट सापडली नाही तर सेल्समनला ती तक्रार म्हणून लिहून घ्यायला सांगा आणि त्याच मॉडेलचं नॉबवालं व्हेरिएंट दाखवायला सांगा.